छपरावरचे सिमेंटचे पत्रे

११ फेब्रुवारी २०१८ हा रविवार होता. त्या दिवशी विदर्भात आणि मराठवाड्यात अनेक ठिकाणी गारपीट झाली. आपल्या वाशीम जिल्ह्यालाही तिचा तडाखा बसला. शेतातला उभा गहू आडवा झाला. हरभऱ्याचे घाटे गळून पडले. लोक शेताकडे धावले. घराच्या छपराकडे कोणाचे लक्ष गेले ते नंतर.

मी तेव्हा बी.एड. होऊन नुकताच एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. सोमवारी सकाळी शाळेत आलो, तर मागच्या तीन खोल्यांत ऊन पडलेले दिसले. त्या खोल्यांवर सिमेंटचे राखाडी पत्रे होते. गारांनी त्यांना जागोजागी भोके पाडली होती. बाकांवर, जमिनीवर, फळ्याच्या खाली पत्र्यांचे तुकडे पसरले होते. मी आठवीच्या मुलांना हाक मारली. त्यांच्या हातात झाडू दिले. "चला, अर्ध्या तासात खोली चकाचक झाली पाहिजे," असे मीच म्हणालो. मुलांनी जोरात झाडायला सुरुवात केली. धुळीचा लोट उठला. काही मुले खोकली, काही हसली. मोठे तुकडे त्यांनी टोपल्यांत भरले आणि फाटकासमोरच्या खड्ड्यात नेऊन टाकले. खड्डाही बुजला आणि कचराही गेला, म्हणून मी खूश झालो.

दोन-तीन आठवड्यांनी वर्गातल्या एका मुलीने उर्दू अखबाराचे एक कात्रण आणले. त्यात ॲस्बेस्टॉसविषयी लिहिले होते. "सर, आपल्या पत्र्यांत हेच असते का?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मी तिला "उद्या सांगतो" म्हणालो. उत्तर सांगायला मला उद्या नव्हे, बरेच दिवस लागले. जे कळले ते या पाठात लिहीत आहे.

ॲस्बेस्टॉस हा कारखान्यात तयार होणारा पदार्थ नाही. ते एक खनिज आहे. जमिनीतून दगडासारखे निघते. पण हा दगड विचित्र आहे. त्याला चिरडले की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. तंतू म्हणजे ज्याला आपण उर्दूत रेशा म्हणतो ते. हे तंतू जळत नाहीत, गंजत नाहीत, कुजत नाहीत आणि सहज तुटत नाहीत. 'ॲस्बेस्टॉस' हा मूळ ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ 'न विझणारा'. पांढरे, निळे आणि तपकिरी असे त्याचे प्रकार आहेत. आपल्याकडच्या पत्र्यांत मुख्यतः पांढरे ॲस्बेस्टॉस असते.

१९०० च्या सुमारास ऑस्ट्रिया देशातील लुडविग हाचेक या उद्योजकाने सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू पाण्यात कालवून पातळ, मजबूत पत्रा बनवण्याची रीत शोधली. नुसते सिमेंट इतके पातळ केले तर हाताने मोडेल. मातीच्या भिंतीत गवताचा भुसा घालतात ना? भुसा मातीला धरून ठेवतो. तेच काम पत्र्यात तंतू करतात. साधारणपणे शंभर किलो पत्र्यात आठ ते दहा किलो तंतू असतात, बाकी सिमेंट आणि इतर माल. भारतात असे पत्रे बनवण्याचा कारखाना १९३४ साली आजच्या मध्य प्रदेशातील कैमोर येथे सुरू झाला.

हे पत्रे लोकांना आवडले, यात नवल नाही. आपल्या भागात पूर्वी धाब्याची घरे होती, कवेलूची घरे होती. धाब्यावर दर वर्षी माती टाकावी लागते. कवेलू माकडे फोडतात, दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात. टिनाचा पत्रा गंजतो, उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो आणि पावसात असा वाजतो की आत बोललेले ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा स्वस्त, न गंजणारा, टिनापेक्षा थोडा थंड आणि शांत. एकदा टाकला की तीस-चाळीस वर्षे बघायला नको. म्हणून तो शाळांवर, गोदामांवर, गोठ्यांवर आणि गरिबांच्या घरांवर चढला. २०११ च्या जनगणनेत छपरांची मोजणी झाली, तेव्हा टिन आणि ॲस्बेस्टॉस यांना एकाच रकान्यात बसवले गेले. पाणी अडवणे एवढेच छपराचे काम मानले तर ते बरोबरच आहे.

आता नुकसान कशाने होते ते पाहू.

पत्रा शाबूत असेल, तर त्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अशा पत्र्याखाली बसून अभ्यास केल्याने आजार जडतो, असे समजू नका. पण पत्रा फुटला, कापला, घासला, त्याला भोक पाडले किंवा तो फार जुना होऊन त्याचा वरचा थर झिजला, की तंतू मोकळे होतात. हे तंतू केसापेक्षा कितीतरी पट बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, चव नाही. ते हवेत तासन्तास तरंगत राहतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसात, अगदी आतल्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात. साधी धूळ शरीर कफाबरोबर बाहेर टाकते. हे तंतू मात्र सुईसारखे रुतून बसतात. शरीरातल्या रक्षक पेशी त्यांना गिळायला जातात, पण दगड कसा पचणार? त्या पेशी मरतात आणि तिथे जखमेचा व्रण उरतो. वर्षानुवर्षे व्रण वाढत गेले, की मऊ फुप्फुस कडक होते आणि दम लागू लागतो. या आजाराला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. याच तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो. फुप्फुसाच्या भोवतीच्या आवरणाचाही एक कर्करोग होतो. त्याचे नाव मेसोथेलिओमा. जो माणूस विडी-सिगारेट ओढतो आणि ॲस्बेस्टॉसची धूळही घेतो, त्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना, म्हणजे पांढऱ्यालासुद्धा, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

सर्वांत फसवी गोष्ट वेळेची आहे. आज धूळ घेतली, तर आजार उद्या दिसत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. आमच्या शाळेचे छप्पर दुरुस्त करायला आलेले मिस्त्रीचाचा मला म्हणाले, "सर, माझी सारी उमर हे पत्रे कापण्यात गेली. मला तर काही झाले नाही." मी त्यांना विचारले, "चाचा, तुमच्या हाताखाली आता कोण काम करते?" ते म्हणाले, "माझा नातू." मी म्हणालो, "त्याचे वय सतरा. त्याला चाळीस वर्षे पुढे आहेत." चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नातवाला हाक मारून कटर बाजूला ठेवायला सांगितले. पन्नाशीच्या माणसापेक्षा मुलांना जपायचे ते याचसाठी.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल गावात नेली केरशॉ नावाची एक कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचे सूत कातण्याचे काम करत असे. १९२४ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली. डॉक्टर कुक यांनी तिचे फुप्फुस तपासले आणि त्यात या खनिजाचे कण असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांतील या धुळीवर नियम आले. पण तेथे ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. ऑस्ट्रेलियात बंदी २००३ च्या शेवटी आली. युरोपीय संघाच्या देशांत ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. आज पन्नासहून अधिक देशांत ही बंदी आहे.

आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ साली थांबवण्यात आले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला. कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेशही दिला. चाळीस वर्षे का, हे आता तुम्हांला समजले असेल. केरळात राज्य मानवी हक्क आयोगाने २००९ साली शाळांची ॲस्बेस्टॉसची छपरे काढून दुसरी घालावीत, अशी शिफारस केली. तरीही पत्र्यांवर आपल्याकडे बंदी नाही. कच्चा माल परदेशातून येतो, पत्रे बाजारात मिळतात. तंतू सिमेंटमध्ये बांधलेले आहेत, म्हणून नीट वापरले तर धोका नाही, असे पत्रे बनवणारे सांगतात. गार पडताना ती पत्रा नीट वापरत नाही, एवढेच मला त्यावर म्हणायचे आहे.

थंड देशांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तेथे घर उबदार राहावे म्हणून छप्पर आणि खोली यांच्यामधल्या माळ्यावर भुशासारखा माल पसरतात. अमेरिकेत अनेक वर्षे व्हर्मिक्युलाइट नावाच्या खनिजाचे दाणे त्यासाठी वापरले गेले. त्यातला मोठा हिस्सा मोंटाना राज्यातील लिबी गावच्या खाणीतून येत असे आणि त्या खाणीच्या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. खाण १९९० साली बंद झाली, पण माल लाखो घरांच्या माळ्यांवर राहिला. अशा घरात राहणाऱ्यांना तेथील सरकार पहिली गोष्ट हीच सांगते, की माळ्यावर चढू नका, तेथे सामान ठेवू नका, तो माल हलवू नका. माळा असो की छप्पर, जे स्थिर आहे ते उगाच ढवळायचे नाही.

मग आपल्या घरावर सिमेंटचे पत्रे असतील तर काय करावे? आपल्यापैकी अनेकांच्या घरी अब्बा मजुरी करतात, कोणी गाडा लावतात, कोणी सोयाबीनच्या हंगामावर वर्ष काढतात. "सगळे छप्पर बदला" असे सांगणे सोपे आहे. ते पैसे कोठून आणायचे, हे सांगणारा कोणी नसतो. म्हणून बिनखर्चाच्या गोष्टी आधी सांगतो.

पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे की नाही, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. आता बिनॲस्बेस्टॉसचे पत्रेही निघाले आहेत आणि ते दिसायला सारखेच असतात. तेव्हा जुना, राखाडी, नागमोडी सिमेंटचा पत्रा दिसला की त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. तपासण्यासाठी तुकडा मोडून पाहू नये. खात्री करण्याच्या नादात आपणच धूळ उडवू.

पत्रा शाबूत असेल तर त्याला तसाच राहू द्या. यासाठी एक पैसा लागत नाही. त्यावर चढू नका, वाळवणाचे पापड-कुरड्या ठेवायला मुलांना वर पाठवू नका, पतंग अडकला तर तो गेला असे समजा. यात धुळीपेक्षाही मोठा आणि तत्काळ धोका आहे. हे पत्रे वरून मजबूत दिसतात, पण जुने झाले की माणसाचे वजन पेलत नाहीत. पाय ठेवताच पत्रा फुटतो आणि माणूस थेट खाली फरशीवर पडतो. वर जाणे भागच असेल, तर मोठ्या माणसाने लाकडी फळी दोन आडव्या वाशांवर येईल अशी टाकून तिच्यावरूनच जावे. पत्र्यावर पाय देऊ नये.

पत्र्याला भोक पाडू नका. दिव्याची तार, पंख्याचा हूक, डिशची पट्टी, जे काही लावायचे ते लाकडी आढ्याला किंवा लोखंडी पाइपाला लावा. पावसाळ्याआधी पत्रे तारेच्या ब्रशने खरवडून रंग देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. रंग द्यायला हरकत नाही. उलट चांगलेच आहे, कारण रंगाचा थर झिजलेल्या पत्र्यातील तंतूंना दाबून ठेवतो. पांढरा रंग दिला तर मे महिन्यात खोलीही थोडी थंड राहते. पण खरवडणे वाईट. वर काळे शेवाळ असले तर ते पाण्याने ओले करून ओल्या फडक्याने हलकेच पुसावे आणि वाळल्यावर जाड रंग द्यावा. पैसे कमी असतील तर चुना चालतो. मात्र तो दर वर्षी धुऊन जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. पत्र्याला बारीक चीर असेल, तर बाजारात छपरासाठी मिळणारी डांबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसून वाळवलेल्या जागेवर चिकटवावी.

पत्रा फुटून तुकडे घरात पडले, तर काय करावे? जे मी त्या सोमवारी केले, त्याच्या अगदी उलट करावे. आधी मुलांना खोलीबाहेर काढावे. पंखा बंद करावा. झाडू घेऊ नये. एका बादलीत पाणी घ्यावे आणि त्यात चमचाभर कपड्यांचा साबण विरघळवावा. साबणाच्या पाण्याने धूळ लवकर भिजते, नुसते पाणी तिच्यावरून घसरते. पिकांवर औषध फवारण्याचा जुना पंप कोणी वापरू नये, त्यात विष राहिलेले असते. साधी फवारणीची बाटली किंवा झारी पुरे. पाणी जोरात मारू नये, पावसाच्या सरीसारखे हळू शिंपडावे. सगळे नीट भिजले की तुकडे हाताने उचलावेत, फेकू नयेत, आणखी मोडू नयेत. खताच्या रिकाम्या गोणीत जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात ते ठेवावेत आणि पिशवीचे तोंड बांधावे. उरलेला चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. ते फडकेही त्याच पिशवीत टाकावे. ते धुऊन परत वापरायचे नाही.

तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधली म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. रुमालातून हे तंतू आरपार जातात. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी एन-९५ मास्क पाहिला. निदान तसा मास्क तरी हवा. त्याहून चांगला एफएफपी-३ नावाचा मास्क मिळाला तर तो घ्यावा. मास्क चेहऱ्याला चारी बाजूंनी चिकटला पाहिजे. ज्यांना दाढी आहे, त्यांच्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही आणि कडेने हवा आत जाते. अशा वेळी हे काम घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या मोठ्या माणसाने करावे. आणि मास्क असला तरी पाणी लागतेच. पाण्याने धूळ उठतच नाही, मास्क तर उठलेल्या धुळीसाठी आहे.

कपड्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात. परदेशात ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या बायकांना हे आजार झाल्याचे आढळले. त्या कधी कारखान्यात गेल्या नव्हत्या. त्या घरी नवऱ्याचे कपडे झटकत आणि धूत होत्या. म्हणून हे काम जुन्या, टाकून देण्यासारख्या कपड्यांत करावे. काम संपले की कपडे ओले करून पिशवीत भरावेत आणि डोक्यावरून आंघोळ करावी. अम्मीच्या धुण्याच्या टोपल्यात ते कपडे जाऊ देऊ नयेत.

आता बदलण्याविषयी. सगळे छप्पर एकदम बदलता येत नसेल, तर फुटलेले आणि फार झिजलेले पत्रे आधी बदलावेत. त्यातही जेथे आपण झोपतो आणि जेथे स्वयंपाक होतो, त्या खोल्यांचा नंबर पहिला. गोठ्याचे किंवा लाकडे ठेवायच्या पडवीचे पुढच्या वर्षी पाहता येईल. तोपर्यंत झिजलेल्या पत्र्याखाली जाड प्लास्टिकचे छत ताणून लावले, तर वरून पडणारा चुरा अंथरुणावर येत नाही. हे छत वाशांना बांधावे, पत्र्याला खिळे मारून नव्हे.

पत्रा काढताना फोडून काढायची घाई करू नये. मिस्त्रीचाचांची जुनी पद्धत अशी होती, की हातोड्याचा एक घाव घालायचा आणि पत्रा खाली पाडायचा. पाच मिनिटांत एक पत्रा. आमच्या शाळेत त्यांनी तसे केले नाही. मे महिन्याच्या सुटीत, वारा पडलेल्या सकाळी, त्यांनी आधी पत्रे भिजवले. आकड्याच्या बोल्टांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवले होते. जे बोल्ट पान्याने सुटले ते सोडले, जे सुटले नाहीत ते लोखंड कापायच्या करवतीने कापले. करवत बोल्टाला लावली, पत्र्याला लावली नाही. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून अख्खा पत्रा दोरीने खाली सोडला. खाली ताडपत्री अंथरली होती. तेथे पत्रे एकावर एक रचले, पुन्हा ओले केले आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावली. एका दिवसाचे काम दोन दिवसांवर गेले. एक दिवसाची मजुरी जास्त लागली, हाच काय तो जादा खर्च. काम संपल्यावर चाचा म्हणाले, "सर, पहिल्यांदा असे झाले की हे काम करून घरी गेलो आणि खोकला आला नाही."

नवे छप्पर कशाचे घालावे, याचे एकच उत्तर नाही. रंगीत लोखंडी पत्रा हलका असतो आणि जुन्याच वाशांवर बसतो, पण उन्हाळ्यात तापतो. त्याखाली बांबूचे किंवा थर्माकोलचे छत लावावे लागते. कवेलू थंड असतात, पण बसवणारे कारागीर आता थोडे राहिले आहेत. स्लॅब सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. एवढे मात्र नक्की, की पैसे वाचवण्यासाठी कोणी दुसऱ्याच्या घराचे काढलेले जुने सिमेंटचे पत्रे विकत घेऊ नयेत. आपल्या आठवडी बाजारात आणि भंगारवाल्याकडे ते मिळतात. स्वस्त असतात, म्हणून लोक गोठ्यासाठी नेतात. वाहतुकीत ते मोडतात आणि बसवताना पुन्हा भोके पाडावी लागतात.

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी येतो. काढलेले पत्रे टाकायचे कोठे? आपल्याकडे त्यांचे काय काय होते, ते मी पाहिले आहे. चुरा करून घराच्या पायात भरतात. बांधावर टाकतात. मुले त्यांच्या तुकड्यांनी लंगडीचे चौकोन आखतात. कोणी चुलीला आडोसा म्हणून लावतात. हे तर अगदी चुकीचे आहे, कारण जास्त तापला की सिमेंटचा पत्रा फटाक्यासारखा फुटतो आणि तुकडे डोळ्यात जातात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस हा घातक कचरा मानला आहे. अशा कचऱ्यासाठी विदर्भात नागपूरजवळ बुटीबोरी येथे केंद्र आहे. तेथे तो खास तयार केलेल्या खड्ड्यात पुरतात. पण हे नियम कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. वाशीमहून बुटीबोरी दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आठ पत्र्यांसाठी तेथपर्यंत गाडी करणे कोणत्याही मजुराला परवडणार नाही. हे काम एकट्याचे नाही. नगर परिषदेने किंवा ग्रामपंचायतीने एक जागा ठरवावी, गावातले पत्रे गुंडाळलेल्या स्थितीत तेथे जमा करून घ्यावेत आणि गाडीभर झाले की एकदम पाठवावेत. तोपर्यंत पत्रे अख्खे, गुंडाळलेले, सावलीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

कात्रण आणणाऱ्या मुलीने मला नंतर एक प्रश्न विचारला होता. "सर, त्या दिवशी आम्ही झाडले. मग आम्हांला तो आजार होणार का?" मी तिला खरे तेच सांगितले. धोका किती, हे धूळ किती आणि किती दिवस घेतली यावर ठरते. जे लोक वर्षानुवर्षे रोज ही धूळ घेतात, त्यांना धोका मोठा असतो. एका सकाळच्या झाडण्याने आजार होण्याची शक्यता फार कमी आहे. पण ती सकाळ टाळता आली असती. मी सर्व वर्गासमोर मुलांची माफी मागितली. फाटकासमोरच्या खड्ड्यातले तुकडे मात्र उकरून काढले नाहीत, कारण उकरले असते तर पुन्हा धूळ झाली असती. ते भरपूर भिजवले, वर वीतभर मुरूम टाकून चोपला आणि त्यावर काँक्रीट केले.

त्या वर्षी मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवायचे होते. पुस्तकातला रजेचा अर्ज बाजूला ठेवून मुलांनी नगर परिषदेला खराखुरा अर्ज लिहिला. विषयाच्या ओळीत त्यांनी लिहिले होते : 'जुने सिमेंटचे पत्रे जमा करण्यासाठी जागा मिळणेबाबत.' 'बाबत' आणि 'विषयी' यांतला फरक त्या दिवशी वर्गाने पक्का शिकला. दोन मुले अर्ज घेऊन कार्यालयात गेली आणि पोच घेऊन आली. पोचेवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आहे.

शाळेचे बावीस पत्रे मागच्या बंद खोलीत आहेत. वरच्या प्लास्टिकवर मुलांनी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'ॲस्बेस्टॉस. फोडू नका.' एकदा उंदरांनी प्लास्टिक कुरतडले होते, तेव्हा आम्ही त्यावर दुसरे गुंडाळले. दर वर्षी मृग नक्षत्राच्या आधी मी आणि दहावीची दोन मुले दारातूनच बॅटरीचा उजेड टाकून ते फाटले आहे का ते पाहतो.